घेवड्याचं घड्याळ

निवृत्तीनंतर माणसाने वाटेल ते करावं. तिकिटं जमवावीत, कबुतरं पाळावीत, गुडघ्यांवर उपचार करून घ्यावेत. पण लोकांना बरोबर वेळ दाखवायच्या भानगडीत पडू नये. मी पडलो, आणि त्यातून बाहेर यायला मला एक अख्खा उन्हाळा, एक शिडी आणि अंदाजे चार किलो घेवडा लागला. 'अंदाजे' हा शब्द मी जन्मात कधी वापरत नसे, यावरून माझी अवस्था ओळखा.

मी डेटलेफ ब्रोकमायर. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. ब्राउनश्वाइगच्या बाजारात मी शिरलो की लोक घाबरत, असं मी म्हणणार नाही. पण मला बघून खाटकांना एकदम आपला तराजू पुसावासा वाटे, एवढं खरं. मग निवृत्त झालो. त्यानंतरच्या तीन वर्षांत एका माणसाने, एकदाही, 'साहेब, हे बरोबर आहे का?' असं मला विचारलं नाही. माझी बायको गुडरून केकचं पीठ माझ्यासमोर मुठीने घालते. मी खोकलो की म्हणते, खिडकी लाव, गार वारा येतोय.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्याला गॅलरी नाही. म्हणून शहराच्या कडेला 'सांजशांती' बागमंडळात आम्ही बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला, त्याला एकोणीस वर्षं झाली. प्लॉट नंबर सत्तावीस. तिथे एक लाकडी खोपी आहे आणि गुडरूनने पहिल्या वर्षी लावलेलं प्लमचं झाड आहे. शनिवार आला की ती माझ्याआधी त्या झाडाची चौकशी करते. मंडळाची नियमावली चौसष्ट पानांची. कुंपणाची झुडपं सव्वा मीटरच्या वर वाढता कामा नयेत. एक तृतीयांश जमिनीवर खाण्याजोगं काहीतरी उगवलं पाहिजे. दुपारी एक ते तीन विश्रांती: यंत्र नाही, हातोडा नाही. मोठ्याने हसायला नियमाची हरकत नाही, पण तशी पद्धत नाही. आणि तीन ताकीदपत्रं आली की प्लॉट गेला. यादीत एकशे चाळीस कुटुंबं वाट बघत बसलेली आहेत.

माझ्या नावावर दोन पत्रं आधीच होती. पहिलं कुंपणाबद्दल. ते म्हणे सात सेंटिमीटर जास्त. मी मंडळाच्या अध्यक्ष राडेमाखरबाई यांना तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवलं की त्यांची कापडी फीत वापरून वापरून ताणली गेली आहे, त्यामुळे कुंपण खरं म्हणजे आठ सेंटिमीटर जास्त आहे. तरीही त्यांनी पत्र दिलं. दुसरं पत्र भाजीची जमीन दोन चौरस मीटर कमी पडली म्हणून, कारण तिथे गुडरूनच्या डेलिया होत्या. डेलियाची मुळं खाता येतात असा मुद्दा मी मांडला. राडेमाखरबाई म्हणाल्या, मग खाऊन दाखवा. हा मुद्दा मी पुढे नेला नाही.

तर फेन्स्के. आमच्या मागच्या कुंपणापलीकडचे शेजारी. एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस. त्यांच्या मनगटावर नोकरीतलं जुनं घड्याळ असतं आणि ते दोन मिनिटं पुढे आहे. हे मी त्यांना अकरा वर्षं सभ्य शब्दांत सांगत आलो होतो. एप्रिलमधल्या एका शनिवारी दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यांनी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. मी कुंपणापाशी जाऊन माझं मनगट पुढे केलं. माझं घड्याळ रेडिओलहरींवरून आपोआप वेळ जुळवतं, त्याला चूक करता येत नाही. फेन्स्के म्हणाले, "ब्रोकमायरसाहेब, या घड्याळावर मी एकतीस वर्षं ट्राम हाकली. ट्राम लवकर आली अशी एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही."

कशी करेल? ट्राम लवकर निघून गेली की तक्रार करणारा थांब्यावर उरतो, ट्राममध्ये नसतो. हे उत्तर मला मंगळवारी सुचलं. तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

पण त्याच मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे बसलो असताना बागेच्या सामानाच्या एका जाडजूड कॅटलॉगमध्ये मला ते दिसलं. शोभेचं रस्त्यावरचं घड्याळ. काळा नक्षीदार खांब, वर गोल डबा, दोन्ही बाजूंना तबकड्या, रोमन आकडे, सगळ्यात वर लोखंडी कळी. फोटोत त्याच्या मागे राजवाडा होता आणि कारंजं होतं. मला एकदम सगळं स्पष्ट झालं. वाद का होतात? कारण जो तो आपलं मनगट बघतो. सगळ्यांना दिसेल असं एक घड्याळ उभं राहिलं की प्रश्नच मिटला. आणि ते उभं करायला या मंडळात माझ्यापेक्षा योग्य माणूस कोण होता? हा प्रश्न मी डॉक्टरांनाही विचारला असता, पण माझ्या तोंडात त्यांचा हात होता.

गुडरूनने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आण. पण तिसरं पत्र आलं ना, तर मी प्लमच्या झाडाला धरून बसेन आणि तू घड्याळाला धरून बस. मग बघू कोण कुणाला घरी नेतं ते." हे ती शांतपणे म्हणाली. ती ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. वाटेच्या पलीकडे, आमच्या बरोब्बर समोर हॉप्पेबाई असतात. इस्पितळात नर्स होत्या, सगळी नोकरी रात्रपाळीत गेली, त्यामुळे दुपारची झोप हा त्यांचा धर्म आहे. त्यांनी सांगितलं की ठोके देणारं घड्याळ आणलंत तर मी तुमच्या दारात येऊन मरेन. चौदा नंबरवाल्याने सावलीचं घड्याळ सुचवलं. ते नियमावलीत बसतं म्हणे. मी म्हटलं, सावलीला उन्हाळी वेळ कळत नाही, मार्चमध्ये सगळी घड्याळं एक तास पुढे करतात तेव्हा तिला पुढे कोण करणार? तो म्हणाला, गायींनाही कळत नाही, दूध देतातच की. गुडरूनचा भाऊ ऊवे म्हणाला की विकत कशाला घेतोस, एखादं बंद पडलेलं स्टेशन शोधू. फेन्स्के एवढंच म्हणाले की वेळ हवी असेल तर मला विचारा.

घड्याळ मागवलं. आता बागेच्या प्लॉटला टपालाचा पत्ता नसतो, म्हणून ते आलं घरी. आलं तेव्हा मी पुन्हा दाताकडे. आमच्याकडे अशा वेळी जो शेजारी घरात असेल तो सामान घेऊन ठेवतो, त्याप्रमाणे तळमजल्यावरच्या आजीबाईंनी ते घेतलं. पावणेतीन मीटरचं खोकं त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारातून थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत आडवं पडलं. उचलायला ऊवे हवा होता आणि ऊवे शनिवारशिवाय मिळत नाही. चार दिवस मी रोज चॉकलेटचा डबा घेऊन माफी मागायला जात होतो. गुरुवारी गेलो तर आजीबाईंनी खोक्यावर पायमोजे वाळत घातले होते आणि शनिवारी ते न्यायला आलो तेव्हा त्या चक्क हिरमुसल्या.

ऊवेकडे लाकडी हातगाडी आहे. एरवी ती मे महिन्यात पुरुषमंडळींच्या सहलीला बिअरच्या पेट्या वाहते. तिच्यावर खोकं बांधून आम्ही तीन किलोमीटर चालत निघालो. एका चौकात पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. डावीकडे वाहन नाही, उजवीकडे वाहन नाही, सायकलसुद्धा नाही. आम्ही उभे राहिलो. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, तेही थांबले होते आणि आम्ही थांबतो की नाही हे बघत होते. ऊवे म्हणाला, "डेटलेफ, एवढ्या वेळात मी दुसरं लग्न केलं असतं." मी म्हटलं, दिवा म्हणजे दिवा. शेवटी हिरवा झाला तेव्हा ऊवेने रागाने गाडीला असा हिसका दिला की खोकं सरकलं आणि बाजूच्या खांबावर जाऊन आपटलं.

उघडून बघतो तो पुढची काच शाबूत, मागच्या काचेचा भुगा. ऊवे म्हणाला, मागची बाजू कोण बघतं? हे वाक्य लक्षात ठेवा. मी कंपनीला पत्र लिहिलं, तुटलेल्या काचेचं माप मिलिमीटरमध्ये कळवलं. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. त्यात काटे होते, तासाचे दोन आणि मिनिटाचे दोन. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा काटे आले.

दरम्यान परवानगीचा अर्ज घेऊन मी राडेमाखरबाईंकडे गेलो. अर्जावर चार चौकोन होते: झेंड्याचा खांब, दिव्याचा खांब, झोपाळ्याचा खांब, वेलाचा खांब. घड्याळाचा नव्हता. मी म्हटलं, म्हणजे नियमावलीत बंदी नाही. त्या म्हणाल्या, "बंदी नाही, ब्रोकमायरसाहेब. ती वस्तू अजून अस्तित्वातच नाही." तिला अस्तित्वात आणायचं तर नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मांडावी लागणार होती. तेव्हा मे चालू होता.

ऊवे म्हणाला, वेलाच्या खांबावर खूण कर की. मी म्हटलं, सरकारी काय, मंडळाच्या अर्जावरसुद्धा मी खोटं लिहिणार नाही. याहून कमी गोष्टींसाठी मी लोकांची दुकानं बंद केली आहेत. तेवढ्यात गुडरून बियांचं पाकीट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मग वेल लाव. वेल लावला की खरं झालं." शिवाय भाजीची जमीन दोन चौरस मीटर कमी होतीच. मी पेन घेतलं आणि वेलाच्या खांबावर खूण केली.

आठ दिवसांत मंजुरी आली, शिक्क्यासकट. 'वेलाचा खांब, उंची दोन मीटर साठ, वरच्या टोकाला गोल शोभा. अट: पाहणीच्या वेळी खाद्य वेल खांबाच्या पूर्ण उंचीपर्यंत चढलेला असावा.' ही अट माझ्यासाठी मुद्दाम घातलेली नव्हती. पूर्वी एकाने वेलाचा खांब म्हणून चार मीटरचा झेंडा उभारला होता आणि त्याच्या पायाशी वीतभर वाटाणा लावला होता. एकाने करायचं आणि जन्मभर सगळ्यांनी भोगायचं, ही मंडळाची जुनी रीत आहे. मी घेवड्याच्या सहा बिया पेरल्या आणि खांब उभा केला. पाणसळ लावून बघितलं. खांब सरळ होता.

जून महिना, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातला सुखाचा महिना होता. लोक वाटेवरून जाताना थांबायचे, वर बघायचे, मग मनगट बघायचे आणि काटा फिरवायचे. एका बाईने घड्याळासमोर नवऱ्याला उभं करून फोटो काढला. हॉप्पेबाई म्हणाल्या की आता मी निर्धास्त झोपते. पुढची तबकडी त्यांच्याकडे होती, मागची फेन्स्केंकडे. फेन्स्के पहिल्या दिवशी म्हणाले की तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. पण सगळं मंडळ माझ्या घड्याळावर यंत्र बंद करायला लागलं तेव्हा त्यांनीही, निषेध नोंदवून, तेच बघायला सुरुवात केली. मी खोपीच्या पायरीवर बसून एक वाजायची वाट बघायचो. एक वाजला की सगळीकडची यंत्रं एकामागून एक गप्प व्हायची. तसा आवाज मी नोकरीतही कधी ऐकला नव्हता.

आणि मग घेवडा वर आला.

घेवड्याला रोमन आकड्यांचं काही नसतं. त्याला वर जायचं असतं आणि वाटेत जे सापडेल त्याला मिठी मारायची असते. पुढच्या बाजूला काच होती, तिथून तो घसरला. मागची बाजू उघडी. तिथे त्याला मिनिटकाटा सापडला. काटा खाली सहावर येऊन पुन्हा वर चढायला लागला की वेलाचं टोक त्याला धरायचं. प्रत्येक तबकडीला आत एकेकच बॅटरी, तिच्यात केवढा जोर असणार. काटा जागच्या जागी थरथरायचा, मग वारा आला की सुटायचा आणि पुढे जायचा. सोमवारी मागची बाजू चार मिनिटं मागे, बुधवारी सात, गुरुवारी वारा चांगला होता म्हणून दोन. पुढची बाजू आपली ठणठणीत. म्हणजे एका खांबावर, एकाच डब्यात, माझ्या नावाने, दोन वेगळ्या वेळा लागलेल्या होत्या.

टोक खुडलं तर दुसऱ्या दिवशी तिथून दोन यायची. वेल खालीच रोखावा तर 'पूर्ण उंचीपर्यंत' ही अट. काचेसाठी लिहावं तर काटे येणार; एव्हाना माझ्याकडे काट्यांचे तीन जोड जमले होते. शेवटी मी रोज सकाळी आठला, फेन्स्के यायच्या आत, शिडी लावून मागचे काटे जुळवायला लागलो. इकडेतिकडे बघून शिडीवर चढायचं आणि इकडेतिकडे बघून उतरायचं. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चोरट्या हालचाली पकडल्या, त्याला स्वतःच्या कशा कळणार नाहीत? मला लाज वाटत होती. पण जूनमधलं ते सुख सोडवत नव्हतं.

ऑगस्टमधला दुसरा शनिवार. वारा अजिबात नाही. एक वाजला, पुढच्या तबकडीवर. हॉप्पेबाई आडव्या झाल्या. मागच्या तबकडीवर अजून बारा वाजून त्रेपन्नच मिनिटं झाली होती, म्हणून फेन्स्के निवांत गवत कापत राहिले, ते मागच्या बाजूने एक वाजेपर्यंत. हॉप्पेबाई उठून बसल्या, त्यांनी कागद घेतला आणि फेन्स्केंविरुद्ध तक्रार लिहिली. मग तीन वाजले, पुन्हा पुढच्याच तबकडीवर. आधीच झोपमोड झालेली, त्यामुळे हॉप्पेबाईंनी तीन वाजताक्षणी कुंपण कापायचं विजेचं यंत्र सुरू केलं. फेन्स्केंच्या बाजूला तेव्हा तीनला सात मिनिटं कमी होती आणि ते नियमाप्रमाणे खुर्चीत डोळे मिटून पडले होते. त्यांनीही कागद घेतला. दोन्ही तक्रारी एकाच संध्याकाळी राडेमाखरबाईंच्या पेटीत पडल्या आणि दोन्हींत एक ओळ अक्षरशः सारखी होती: 'ब्रोकमायर यांच्या घड्याळानुसार'.

सोमवारी नोटीस आली. येत्या शनिवारी अकरा वाजता प्लॉट सत्तावीसची पाहणी. 'विश्रांतीच्या वेळेबाबत सदस्यांची दिशाभूल करणारी वस्तू' असा विषय. दोष सिद्ध झाल्यास तिसरं ताकीदपत्र. गुडरूनने नोटीस वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. नंतर बागेत खोपीच्या खिडकीतून पाहिलं तर ती झाडाला पाणी घालत होती. त्या दिवशी सकाळभर पाऊस पडला होता.

शुक्रवारी तिने झाडाचे पहिले प्लम काढले, दोन ताटं केक केला आणि एक ताट फेन्स्केंकडे, एक हॉप्पेबाईंकडे नेलं. काय बोलली ते मला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आठला मी शिडीवर चढून दोन्ही बाजू सेकंदावर जुळवल्या. अकराला राडेमाखरबाई आल्या, बरोबर समितीचे दोन सदस्य, सगळ्यांच्या हातात पाटी आणि कागद. ती कापडी फीतसुद्धा आणली होती. ते वाटेवर उभे राहिले, म्हणजे पुढच्या तबकडीसमोर. पुढची तबकडी अकरा दाखवत होती, राडेमाखरबाईंच्या फोनमध्येही अकराच होते. हॉप्पेबाई स्वतःहून पुढे आल्या आणि म्हणाल्या की त्या दिवशी माझ्याकडे चष्मा नव्हता. फेन्स्के कुंपणाआडून म्हणाले की माझीच वाचायला चूक झाली. एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस आपली वेळ वाचायला चूक झाली असं चारचौघांत म्हणाला. त्या केकमध्ये गुडरूनने काय घातलं होतं, देव जाणे.

राडेमाखरबाईंनी कागदावर दोन रेघा मारल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "ब्रोकमायरसाहेब, औपचारिकता म्हणून विचारते. तुमचं घड्याळ दोन्ही बाजूंनी बरोबर वेळ दाखवतं ना?"

गुडरून झाडाखाली उभी होती, एक हात खोडावर ठेवून. मी 'हो' म्हणायचं होतं. एवढुसा शब्द. कुणी मागे जाऊन बघणार नव्हतं, आणि ज्यांनी बघितलं होतं त्यांनी केक खाल्ला होता.

पण मला एकदम एक चीजवाला आठवला. वीस वर्षांपूर्वी त्याचा तराजू मी बारा ग्रॅमसाठी बंद केला होता. ऐन नाताळचा बाजार. तो म्हणाला, साहेब, बारा ग्रॅम कोण बघतं? मी म्हटलं होतं, मी बघतो. तो माणूस माझ्यासमोर रडला होता आणि मी पावती फाडून निघून आलो होतो. आणि तीन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो, तो प्रश्न आता कुणीतरी मला विचारत होतं. साहेब, हे बरोबर आहे का?

"नाही," मी म्हणालो. "मागची बाजू या क्षणी तीन मिनिटं मागे असेल. गेल्या शनिवारी सात होती. हे मला महिनाभर माहीत आहे. फेन्स्केसाहेबांची चूक नाही आणि हॉप्पेबाईंचा चष्मा त्यांच्या नाकावरच होता."

गुडरूनकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी खिशातलं घेवड्याच्या बियांचं रिकामं पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर 'अमान्य. वापरू नये.' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि सुतळीने खांबाला बांधलं. मग शिडीवर चढून दोन्ही बाजूंच्या बॅटऱ्या काढल्या आणि राडेमाखरबाईंच्या हातात दिल्या. नोकरीत मी हे हजारदा केलं असेल. स्वतःच्या मालावर पहिल्यांदाच करत होतो आणि सुतळीची गाठ मला दोनदा मारावी लागली.

राडेमाखरबाईंनी हातातल्या बॅटऱ्यांकडे पाहिलं, मग नियमावली उघडली. पानं मागे, पानं पुढे. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की चालत नाही ते घड्याळ नव्हे, आणि घड्याळच नसेल तर ते दिशाभूल कशी करणार? उरला खांब. त्यांनी मान वर केली. घेवडा पार लोखंडी कळीपर्यंत पोचला होता आणि वरून शेंगा लोंबत होत्या. "वेलाचा खांब," त्या लिहू लागल्या, "वेल पूर्ण उंचीपर्यंत. गोल शोभा आहे. आक्षेप नाही." मग पेन थांबवून, नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात, त्यांनी मला विचारलं की यंदा कुंपणाच्या मोजणीला तुमची फीत घेऊन याल का?

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण समितीतल्या एका सदस्याने शंका काढली की काटे कुठल्यातरी वेळेवर उभे राहणारच, मग ती वेळ कोणती असावी? बारा म्हणावं तर जेवणाची वेळ, तीन म्हणावं तर कुणीतरी यंत्र सुरू करेल. दुसरा म्हणाला काटे काढून टाका. पहिला म्हणाला, मग ती 'गोल शोभा' अपूर्ण राहते आणि मंजुरी पूर्ण शोभेला आहे. अर्धा तास हे चाललं. शेवटी गुडरून आली, मला बाजूला करून शिडीवर चढली आणि दोन्ही बाजूंचे काटे फिरवून तिने दोन वाजवले.

"दोन वाजता इथे कुणी आवाज करायचा नसतो," ती उतरता उतरता म्हणाली. "समितीनेसुद्धा नाही. आता केक खा आणि घरी जा." मग माझ्याजवळून जाताना तिने माझ्या शर्टावरचं घेवड्याचं पान काढलं आणि म्हणाली, "मूर्ख आहेस. पण मोजून आहेस."

तेव्हापासून आमच्या प्लॉटवर कायम दुपारचे दोन वाजलेले असतात. गुडरूनला हे फार सोयीचं पडलं आहे. मी काही सांगायला तोंड उघडलं की ती फक्त वर बोट दाखवते. घेवड्याच्या अकरा बरण्या भरल्या. एक तळमजल्यावरच्या आजीबाईंना दिली, तर त्यांनी विचारलं की पुन्हा काही लांबलचक मागवणार आहात का.

परवाच्या शनिवारी दीडच्या सुमाराला मी पायरीवर बसलो होतो. सगळीकडे सामसूम. एवढ्यात मागच्या कुंपणावर फेन्स्केंचं डोकं दिसलं. विश्रांतीची वेळ, त्यामुळे तेही काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या मनगटाकडे बोट केलं आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर झाडाखालून गुडरूनचं बोट वर गेलेलं. मी तोंड मिटलं. उठून कुंपणापाशी गेलो, माझं घड्याळ बघितलं आणि बोटांनी सांगितलं. आधी एक बोट. मग दहा, दहा, दहा. मग चार.

फेन्स्केंनी माझी बोटं नीट मोजली. मग त्यांनी मनगटावरचं ते एकतीस वर्षांचं घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि काटे दोन मिनिटं मागे घेतले.